‘गॉट मिल्क?’ स्पॅनिशमध्ये का विचारता आलं नाही

स्पॅनिश शिकायला येणाऱ्या मुलांना मी दरवर्षी एक घोषवाक्य भाषांतराला देते. दोनच शब्दांचं: ‘गॉट मिल्क?’ पुण्यातला वर्ग, पंधरा-वीस डोकी, आणि दोन मिनिटांत जवळजवळ सगळ्यांच्या वहीत एकच उत्तर: ‘तिएने लेचे?’ (यातला च ‘चहा’तला, ‘चमचा’तला नव्हे.) ‘तिएने’ म्हणजे आहे, ‘लेचे’ म्हणजे दूध. व्याकरणात खोट काढायला जागा नाही. मग मी विचारते, हे रस्त्यावरच्या फलकावर लिहिलंत आणि खालून एक बाई कडेवर मूल घेऊन चालली आहे, तर तिने काय समजायचं?

वर्ग गप्प होतो. मग मागच्या बाकावर कुणीतरी फिस्कन हसतं.

या घोषवाक्याची गोष्ट ‘भाषांतरातल्या गमतीजमती’ छापाच्या याद्यांमधून फिरत असते. अमेरिकन दूधवाल्यांनी मोठ्या हौसेने जाहिरात स्पॅनिशमध्ये नेली आणि तिचा अर्थ निघाला ‘तुमच्या अंगावर दूध आहे का?’, एवढ्या एका ओळीत ती आटोपते. माझी तक्रार अशी की त्या ओळीत प्रकरणाचा सोपा भाग तेवढा येतो. अवघड भाग शब्दांमध्ये नव्हताच, तो हसण्यात होता.

मूळ विनोद

१९९३चं कॅलिफोर्निया. दुधाचा खप बरीच वर्षं उतरणीला लागलेला. दूध पॅकबंद करून विकणाऱ्या तिथल्या डेअऱ्यांनी एकत्र येऊन ‘कॅलिफोर्निया मिल्क प्रोसेसर बोर्ड’ उभारलं आणि विकलेल्या प्रत्येक गॅलनमागे, म्हणजे साधारण पावणेचार लिटरमागे, ३ सेंट जाहिरातीसाठी बाजूला काढायचं ठरवलं. बोर्डाचे प्रमुख जेफ मॅनिंग. जाहिरातीचं काम गेलं सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘गुडबी, सिल्व्हरस्टीन’ या संस्थेकडे.

त्याआधीच्या जाहिराती दूध अंगाला कसं चांगलं, हाडं कशी मजबूत होतात, हे सांगायच्या. ते सगळ्यांना पाठ होतं आणि त्याने कुणी एक पेला जास्त पीत नव्हतं. म्हणून संस्थेने चाचणीसाठी काही लोक बोलावले आणि त्यांना आधीचा आठवडाभर दूध वर्ज्य करायला सांगितलं. ती मंडळी आली ती कुरकुरतच. एरवी दुधाचा विचार कुणाच्या मनात येत नाही. तो येतो वाडग्यात सीरियल ओतून झाल्यावर आणि फ्रीजमधला डबा हाताला हलका लागल्यावर. यावरूनच मोहिमेचं सूत्र ठरलं: दूध दाखवायचं नाही, दूध नसणं दाखवायचं. घोषवाक्य जेफ गुडबींचं. आधी काहींना ते आळशी वाटलं, व्याकरणातही लंगडं. कर्ता नाही, सहायक क्रियापद नाही, आपल्याकडे शेजारच्या खिडकीत डोकावून ‘दूध आहे?’ विचारावं तसं.

पहिली जाहिरात २९ ऑक्टोबर १९९३ला लागली. दिग्दर्शक मायकेल बे, पुढे हॉलिवूडमध्ये स्फोट उडवण्यासाठी प्रसिद्ध झालेले तेच. खोलीभर जुन्या वस्तू मांडलेल्या. अमेरिकन इतिहासातल्या एका द्वंद्वयुद्धाचं जणू खासगी संग्रहालय. त्यात बसलेला माणूस पीनट बटर थापलेला पाव तोंडात कोंबतो. फोन वाजतो. रेडिओवरून प्रश्न येतो, १०,००० डॉलरचा: अलेक्झांडर हॅमिल्टनला गोळी कुणी घातली? उत्तर ॲरन बर, आणि ते या माणसाइतकं चांगलं जगात कुणाला ठाऊक नसेल. पण टाळूला चिकटलेल्या घासातून नाव बाहेर पडत नाही, दुधाच्या खोक्यातून जेमतेम थेंब निघतो, आणि फोन कटतो. (अख्खा बेसनाचा लाडू तोंडात घालून फोनवर कुणाचं तरी नाव सांगून बघा.) काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं येतात: गॉट मिल्क?

दुसऱ्या एका जाहिरातीत उर्मट बिझनेसमन ट्रकखाली जातो आणि डोळे उघडतो तो पांढऱ्याशुभ्र जागी, समोर भल्यामोठ्या चॉकलेट कुकीज. स्वर्गच म्हणायचा. मग फ्रीज उघडतो, खोकी रांगेने लावलेली, एकूण एक रिकामी. तेव्हा त्याला शंका येते की आपण नक्की कुठे आलोय.

एका चांगल्या खात्यापित्या माणसाची, त्याने काही वेडंवाकडं न गमावता, क्षणभर झालेली पंचाईत असा हा विनोद आहे. पुढचं सगळं त्यावर अवलंबून असल्याने तो नीट लक्षात ठेवा.

‘तुला’ आणि ‘तुमच्याकडे’

१९९०च्या जनगणनेत कॅलिफोर्नियातली सुमारे २६ टक्के माणसं हिस्पॅनिक होती, बहुतेकांची मुळं मेक्सिकोत. दूध घेणारी मोठी कुटुंबं. १९९४मध्ये बोर्डाने या घरांसाठी वेगळी मोहीम करायचं ठरवलं आणि अनिता सांतियागो यांच्या जाहिरातसंस्थेला काम दिलं. ‘गॉट मिल्क?’ची गाडी जोरात होती, तेव्हा तेच स्पॅनिशमध्ये आणावं हा विचार ओघानेच आला. तो का चालणार नाही हे सांतियागोंनी दाखवून दिलं, आणि नवी मोहीम भाषांतर म्हणून केलीच गेली नाही. म्हणजे फजिती फलकावर झाली नाही, बैठकीतच टळली. यादीवाले हा भाग गाळतात. टळलेल्या फजितीवर कोण हसणार?

आधी व्याकरण. इथे मराठी माणूस इंग्रजाच्या चार पावलं पुढे असतो, कारण आपल्याकडे ही गोष्ट प्रत्ययात दिसते. ‘तिच्याकडे दूध नाही’ म्हटलं की आपण पिशवी आणायला कुणाला तरी पिटाळतो. ‘तिला दूध नाही’ म्हटलं की बाळंतिणीला शतावरी, हळिवाची खीर सुरू होते. एक दूध ओट्यावरचं, एक अंगावरचं. ‘कडे’ आणि ‘ला’ या दोन चिमुकल्या गोष्टी मधे भिंत घालून उभ्या असतात.

स्पॅनिशचं ‘तेनेर’ हे क्रियापद ही भिंत पाडून टाकतं. घर असणं, भूक असणं, वीस वर्षं वय असणं, मुलं असणं, सगळ्याला तेच. त्यामुळे ‘तिएने लेचे?’ हा प्रश्न दोन्ही दुधांना सारखाच लागू पडतो आणि कुठलं दूध ते प्रसंगावरून ठरतं. वाण्याच्या दुकानात उभं राहून हाच प्रश्न विचारला तर समोरचा निमूटपणे दुधाचा डबा काढून देतो. मेक्सिकोत हे रोज होतं. पण फलकावर दुकान नाही, वाणी नाही. फलक एकटीदुकटीला गाठून विचारतो, आणि मग शब्द पडायचा तिथे पडतो.

त्यात ‘लेचे’ हा शब्द जात्याच सरळ नाही. मेक्सिकोत द्व्यर्थी बोलण्याचा एक खेळच आहे, ‘आल्बुर’ नावाचा. दोन मित्र एकमेकांवर अशी वाक्यं फेकतात आणि ज्याला उलट उत्तर सुचत नाही तो हरला. दादा कोंडके तिथे पहिल्या दिवसापासून रमले असते. त्या खेळात ‘लेचे’ पुरुषाच्या बाजूलाही जातं, कुठे ते वेगळं सांगायला नको. स्पेनमध्ये आणखी तऱ्हा. ‘माला लेचे’, शब्दशः खराब दूध, म्हणजे खुनशी स्वभाव. ‘आ तोदा लेचे’ म्हणजे सुसाट. कुणाला ‘एक लेचे दिली’ म्हणजे थोबाडीत दिली. ‘एरेस ला लेचे’, तू म्हणजे दूध आहेस, याचा अर्थ तू अफलातून आहेस. सूर बदलला तर तू कहर आहेस. आणि पेरूमध्ये ‘लेचेरो’ म्हणजे गवळी, शिवाय नशीबवान माणूसही.

हे सगळं सुधारता येण्यासारखं होतं, हे मात्र विसरू नये. ‘घरात दूध आहे का?’ असं लिहिलं असतं तरी निम्मा घोळ मिटला असता. वाक्य लांबलं असतं, चटका गेला असता, पण कुणी फिस्कन हसलं नसतं. मग तसं का केलं नाही?

हसण्याची अडचण

कारण मग ती जाहिरात व्याकरणात बसली असती आणि घरात बसली नसती. सांतियागोंचा दुसरा मुद्दा असा होता की मेक्सिकन घरातल्या आईला दूध संपणं विनोदी वाटत नाही. ज्या घरात दूध, तांदूळ, घेवडा संपण्याचा अनुभव एका पिढीमागचाच आहे, त्या घरात रिकामा डबा म्हणजे ‘अरेच्चा’ नव्हे. तो घर चालवणाऱ्या बाईवरचा ठपका आहे: तुझं लक्ष नाही. तिला ‘तुझ्या घरात दूध नाही ना? हा हा’ म्हणून दूध कसं विकणार?

मूळ विनोदातला माणूस आठवा. एकटा राहणारा, कुणाला जेवू घालायची जबाबदारी नसलेला, इतिहासाच्या नादात बुडालेला. त्याचं दूध संपलं तर त्याचं त्याने बघावं. त्या जागी चार मुलांची आई बसवली की तेच दृश्य, तेच खोकं, तेच दोन शब्द, आणि हसू गायब. शब्दाला शब्द मिळाला असता, अगदी ‘कडे’ आणि ‘ला’सुद्धा जागच्या जागी बसवता आलं असतं. हसणाऱ्याची जागा काही भाषांतरात येत नाही.

म्हणून सांतियागोंनी उलटी बाजू धरली. घरात आजी, आई, नात. शेगडीवर फ्लान नावाचं दुधाचं पुडिंग आणि आर्रोस कोन लेचे, म्हणजे आपल्या तांदळाच्या खिरीची सख्खी बहीण. दूध भरपूर. आणि शेवटी प्रश्न: ‘इ उस्तेद, लेस दियो सुफिसिएन्ते लेचे ओइ?’ आणि तुम्ही, त्यांना आज पुरेसं दूध दिलंत का?

यातला ‘उस्तेद’ बघा. स्पॅनिशमध्ये ‘तू’ आहे आणि अदबीचं ‘उस्तेद’ आहे, आपल्या ‘तुम्ही’सारखं. इंग्रजी घोषवाक्यात ‘यू’ कानाला लागतही नाही, गाळून टाकलेलं आहे. इथे घोषवाक्य ‘आणि तुम्ही’नेच सुरू होतं, बाईला मान देऊन. ‘लेस’ म्हणजे त्यांना. घरातली पोरं न सांगता वाक्यात येऊन बसली. दूध असणं गेलं आणि दूध देणं आलं. गंमत म्हणजे ‘देणं’ हे क्रियापदही अंगावर पाजण्याच्या अगदी शेजारी राहतं, स्पॅनिशमध्ये पाजण्याला ‘छाती देणं’ म्हणतात. पण आता तो अर्थ डोकावला तरी ओशाळं व्हायचं कारण नाही, उलट तो वाक्याच्या बाजूनेच काम करतो. हे ठरवून झालं की हातून झालं, मला सांगता येणार नाही. वाक्य म्हणून ते मला मूळ इंग्रजीपेक्षा जास्त घट्ट वाटतं. विनोदी मात्र नाही, अजिबात नाही. एकाच बोर्डाचं एकच दूध, एका भाषेत खोडकर आणि दुसऱ्या भाषेत सोवळ्यातलं.

याद्यांमधले इतर पाहुणे

या प्रकरणाशेजारी याद्यांमध्ये नेहमी शेव्हरोले नोव्हा गाडी बसलेली असते. ‘नो बा’ म्हणजे चालत नाही, म्हणून म्हणे ती लॅटिन अमेरिकेत खपली नाही. ही निव्वळ थाप आहे. मेक्सिको आणि व्हेनेझुएलात गाडी व्यवस्थित विकली गेली. ‘नोबा’त आघात पहिल्या अक्षरावर, ‘नो बा’त दुसऱ्या. ‘नवरा’ ऐकून ‘न वरा’ असा सल्ला कुणी घेत नाही, तसंच ते. शिवाय मेक्सिकोच्या सरकारी तेल कंपनीचं, पेमेक्सचं, पेट्रोलच ‘नोवा’ नावाने विकलं जायचं, आणि ते टाकून गाड्या चालायच्या.

मित्सुबिशी पाजेरोचं मात्र खरं आहे. स्पॅनिश बोलीत ‘पाखेरो’ ही हस्तमैथुनावरून आलेली शिवी आहे, म्हणून स्पेनमध्ये आणि अमेरिका खंडात बहुतेक ठिकाणी तीच गाडी ‘मोन्तेरो’ नावाने फिरली. आपल्याकडे ती मूळ नावानेच आली आणि पुढाऱ्यांच्या ताफ्यांमधून दिमाखात धावली.

ब्रॅनिफ विमान कंपनीची १९८७ची गोष्ट यांत सगळ्यात बारीक. नवीन कातडी सीट. स्पॅनिश जाहिरातीत ‘एन कुएरो’, म्हणजे ‘कातड्यात’. ‘एन कुएरोस’ म्हणजे नागवं. फरक एका ‘स’चा, आणि जाहिरात होती फ्लॉरिडात, क्यूबन कानांसाठी, क्यूबन माणूस शब्दाच्या शेवटचा ‘स’ बोलताना बऱ्याचदा गिळतोच. छापील कागदावर वाक्य निर्दोष, रेडिओवर विमानभर दिगंबर प्रवासी.

उलट्या दिशेने

इंग्रजी विनोद स्पॅनिशमध्ये अडतो, पण स्पॅनिश वाक्प्रचार इंग्रजीत मुद्दाम पाडून हसण्याचा स्पॅनिश लोकांना भारी शौक आहे. ‘यू आर द मिल्क’ असं छापलेले कॉफीचे मग तिथे मिळतात. ‘पोर सी लास मोस्कास’ म्हणजे ‘असू द्यावं हाताशी’. त्याचं ‘फॉर इफ द फ्लाइज’ करतात. ‘फ्रॉम लॉस्ट टु द रिव्हर’ हे ‘दे पेर्दीदोस आल रीओ’चं शब्दशः रूप, आता बुडालोच आहोत तर उडी मारूनच घेऊ या अर्थाचं. इंग्रज माणसाने हे वाचलं तर तो नम्रपणे विचारतो की कुठली नदी. हा विनोद त्याच्यासाठी नाहीच. तो दोन्ही भाषा येणाऱ्यांचा घरगुती माल आहे, आपल्या ‘व्हॉट गोज माय फादर’सारखा.

आणि क्वचित दोन भाषा तिसरीच्या अंगणात भेटतात. इंग्रजीत ‘एकदा चावलं की दुसऱ्यांदा बिचकतो’ अशा अर्थाची म्हण आहे, दुधाचा पत्ता नाही. अर्जेंटिनात म्हणतात, ‘एल के से केमो कोन लेचे, बे उना बाका इ योरा’: दुधाने जो भाजला तो गाय दिसली तरी रडतो. आपला ताक फुंकून पितो, त्यांचा गाईसमोर रडतो. वर्गात ही म्हण सांगितली की अर्थ समजावून द्यावा लागत नाही.

रिकामा डबा परत येतो

‘गॉट मिल्क?’ पुढे देशभर पसरलं, भाड्याने दिलं गेलं, टी-शर्टवर ‘गॉट अमुक?’, ‘गॉट तमुक?’ची साथ आली. स्पॅनिश मोहीम आज्यांच्या स्वयंपाकघरात होती. २००२मध्ये पॅसाडिनाच्या आर्ट सेंटर कॉलेज ऑफ डिझाइनच्या विद्यार्थ्यांनी एक जाहिरात केली, ती मला या सगळ्या प्रकरणातली सर्वात हुशार गोष्ट वाटते.

मेक्सिकोत लहान मुलांना ‘ला योरोना’ची भीती घालतात. योरोना म्हणजे रडणारी. स्वतःची मुलं पाण्यात बुडवून मारलेली बाई, रात्री ‘आय, मिस इखोस!’, अरे माझी लेकरं, असा टाहो फोडत फिरते. जाहिरातीत ही योरोना रडत रडत एका घरात शिरते, झोपलेलं जोडपं दचकतं, ती तशीच स्वयंपाकघरात जाते. फ्रीज उघडते. रडं थांबतं. ‘लेचे,’ ती म्हणते. गोड पावाचा घास घेते, खोकं तोंडाला लावते, आणि ते रिकामं. टाहो पुन्हा सुरू.

म्हणजे दूध नसण्याचा विनोद शेवटी आलाच, आणि मेक्सिकन घरातच आला. पण फजिती कुणाची झाली? घरातल्या बाईची नव्हे, भुताची. तीही अशा भुताची की जिच्या आईपणाबद्दल कुणी हळवं होणार नाही. जाहिरात इंग्रजी वाहिन्यांवरही दाखवली गेली; गोष्ट माहीत नसलेल्याला भुताचा किस्सा मिळाला, माहीत असलेल्याला लहानपण.

२००६मध्ये स्पॅनिश मोहीम दुसऱ्या संस्थेकडे, ग्रुपो गायेगोसकडे असताना नवं वाक्य आलं: ‘तोमा लेचे’. दूध पी. आता प्रश्न नाही, आणि ‘उस्तेद’ही नाही; अदबीत ते ‘तोमे’ झालं असतं. बारा वर्षांत तुम्हीवरून तूवर. जाहिरातीही आता मजेशीर होत्या, पण मजा दुधाने येणाऱ्या अचाट ताकदीची होती; डबा रिकामा ठेवायला त्यांनीही नकार दिला.

मुलांना मी शेवटी मराठी करायला सांगते. ‘दूध आहे?’वर कुणी थांबत नाही, प्रसंग शोधू लागतात. गेल्या वर्षी एका मुलीने छान बेतलं: पाहुणे बाहेर बसलेत, आधण उकळतंय, साखर-पत्ती पडली, फ्रीज उघडला आणि पातेल्याच्या तळाशी फक्त साय. वर्ग खूष. पुढच्या तासाला ती जरा खट्टू होऊन आली. आईला वाचून दाखवलं होतं. आई म्हणाली, ‘पाहुणे बसलेत आणि घरात दूध नाही, यात हसण्यासारखं काय आहे गं?’

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मागच्या बाकावरून आवाज आला, ‘मॅडम, फ्रीज उघडणारी पूतना दाखवली तर?’